जिरारांचं देवक

माणूस मेला सातासमुद्रापलीकडं आणि सुतक बसलं आमच्या सिरसाळ्यात. लग्न होऊन मी पाटलांच्या घरात आले, त्याच महिन्यातली ही गोष्ट. शेजारच्या ओट्यावर एक गोरटेला म्हातारा घोंगडी टाकून बसलेला, डोकं उघडं, दाढीचे खुंट वाढलेले. सासूबाईंनी मला बजावलं की त्यांच्या घरी विस्तव मागायला जाऊ नको, सुतक आहे. कोण गेलं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, त्यांच्या भावकीतला कुणी फुग्यात बसून आभाळात गेला होता म्हणे, तो वरून पडला. मी नवी नवरी. मला वाटलं, माझी थट्टा चाललीय. पण सासूबाई थट्टा करणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी त्या घरासाठी भाकरी बांधली आणि माझ्याच हाती पाठवली.

भाकरी घ्यायला जी पोरगी दारात आली ती मार्था. माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठी असेल. उंच, सावळी, हात बाप्यासारखे भक्कम. तिनं भाकरी घेतली, बापाकडं एकदा पाहिलं आणि मला हळूच म्हणाली, "मागच्या महिन्यात बी एक मेलता." आणि आवाज न करता हसली. त्या दिवसापासून आमचं जमलं.

म्हाताऱ्याचं नाव फ्रान्सिस जिरार. आम्ही बायका जिरारबाबा म्हणायचो, गडीमाणसं साहेब म्हणायची. निजाम सरकारचे ते सलोतरी, म्हणजे जनावरांचे डॉक्टर. सिरसाळा आणि भोवतालची खेडी त्यांच्याकडं. त्यांचा कुणी पणजोबा फ्रान्सातून येऊन निजामाच्या फौजेत तोफा डागत होता म्हणे. फौज गेली, तोफा गेल्या, हा गडी मोमिनाबादेत राहिला, इथलीच बायको केली. चार पिढ्यांत त्या मुलखाचं त्यांच्यात काय उरलं? आडनाव उरलं, जरा घारे डोळे उरले आणि वर्षातून एकदा येणारा पाद्री उरला. बाकी माणूस आमच्यासारखाच ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाणारा. बोलणं अर्धं दखनी, अर्धं आमचं.

जनावराला हात लावण्याआधी ते त्याचं नाव विचारायचे. मालकाला नाव सांगता आलं नाही, तर त्याची काही धडगत नसायची. बैलाच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालून बसलेले असले, तरी शिव्या मालकाला आणि बेटा-बेटा बैलाला. औषध पाजून झालं की बैलाच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचे. काय पुटपुटतात हे मार्थालाही ठाऊक नव्हतं. आणि शपथ घ्यायची वेळ आली की देवाची नाही, आईची नाही. "जिरार हाय मी," एवढंच म्हणायचे. समोरच्यानं त्यावर गप बसायचं.

आता तुम्ही म्हणाल, एवढा शहाणासुरता माणूस, आणि कुठल्या तरी फुगेवाल्याचं सुतक का धरून बसला? त्याचं मूळ सासूबाईंनी मला सांगितलं. मी यायच्या आधी गावात प्लेग आला होता. उंदीर पडायला लागले तशी घरं सोडून माणसं रानात झोपड्या घालून राहिली. त्या झोपडीतच जिरारबाबांची बायको गेली. आता तिला उचलायचं कुणी? हा माणूस झोपडी-झोपडीपुढं जाऊन उभा राहिला. ज्यांची जनावरं यानं मरणाच्या दारातून ओढून आणली होती, त्या माणसांपुढं. सगळीकडं एकच उत्तर. तुमच्या भावकीला बोलवा. आणि भावकी होती मोमिनाबादेत, तिला प्लेगानं आधीच गाठलं होतं, घरंच्या घरं बसली होती. शेवटी भिवा धनगर आला. त्यानं आणि बाबांनी मिळून बाई गाडीत घातली आणि मार्था, तेव्हा लहान पोर, गाडीमागं चालत गेली. आमचे मामंजी म्हणजे माझे सासरे, गावचे पोलीस पाटील. तेही त्या दिवशी झोपडीबाहेर आले नाहीत. हे सासूबाईंनी सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता.

तेव्हापासून त्यांनी भावकी गोळा करायला घेतली. आमच्या घरी हैद्राबादेहून उर्दू अखबार यायचा. मामंजींचं उर्दू दफ्तरापुरतं, म्हणून जिरारबाबा ओसरीवर बसून त्यांना वाचून दाखवायचे. वाचता वाचता कुठं जिरार नाव आलं की गडी सावरून बसायचा. कुणी एक जिरार मोठा वैद्य होता. कुणी जिरारीण गाणं म्हणायची आणि राजेलोक ऐकायला यायचे. कुणी जिरारनं कसलं यंत्र काढलं होतं. दुसऱ्या दिवशी साऱ्या बाजाराला ठाऊक, की साहेबांच्या भावकीतल्या माणसानं यंत्र काढलं. आणि गावानं ते मान्य केलं, हे लक्षात घ्या. आडनाव एक म्हणजे भावकी एक. आमच्या मुलखात याच्यापलीकडं पुरावा लागत नाही. भावकी म्हटलं की सुतकही आलं. त्यात जिरारबाबांनी कधी कसूर केली नाही. दाढी नाही, गादी नाही, गोडधोड नाही, कुणाच्या उंबऱ्यावर पाय नाही. बैल दाखवायला आणला तर तो ओट्यापासून लांब उभा करायला लावायचे आणि मग उतरून यायचे. बैलाला सुतक लागत नाही, असं त्यांनी जोशीबुवांकडून पक्कं करून घेतलं होतं.

हसू नका. एकदा ते सकाळीच आमच्याकडं आले आणि ओसरीवर न चढता खाली अंगणात उभे राहिले. मामंजींनी वर बोलावलं तर येईनात. म्हणाले, आमच्यातल्या एकानं खून केलाय, दोन बायका मारल्या, त्याला सरकारनं मान उतरवायची सजा दिलीय, अखबारात आलंय. मामंजी आधी गोंधळले. मग त्यांच्या ध्यानात आलं की हा माणूस पोलीस पाटलाकडं वर्दी द्यायला आलाय. फ्रान्सातल्या खुनाची वर्दी, सिरसाळ्यात. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मामंजींनी त्याला हाकलला असता. पण ते उठून खाली अंगणात गेले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले की भावकीत एखादा वाया जातोच, आमच्यातही गेलाय, तुमच्यावर बोल नाही. मग हात धरून वर आणलं. तरी तो अख्खा आठवडा जिरारबाबा चावडीवर बसले नाहीत. मान खाली घालून गल्लीच्या कडेकडेनं जायचे. मला त्या वेळी हसू आवरलं नव्हतं. आज येत नाही.

मग जर्मनचं युद्ध लागलं. त्या वर्षी आलेला पाद्री फ्रान्सातलाच होता. साधा, घामाघूम होणारा गृहस्थ. जिरारबाबांनी त्याला घरच्या माणसांची खुशाली विचारावी तशी साऱ्या जिरारांची विचारली. तो बापडा म्हणाला, बाबा, तिकडं गावोगाव जिरार आहेत, आपल्याकडं जाधव असतात तसे, माझ्या एका गावात दहा-पंधरा घरं. कुणाकुणाची खुशाली सांगू? लढाईवर तर रोज मरताहेत. त्याला वाटलं, हे ऐकून म्हातारा सुटेल. म्हातारा सुटतोय कशाचा. तो आणखी खोल गेला. रोज मरताहेत म्हणजे रोज सुतक. किती दिवस तो माणूस जमिनीवर झोपला, दाढी वाढवून फिरला. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, मेला की जगला माहीत नाही. शेवटी मामंजींनी जोशीबुवांना मध्ये घातलं आणि परमुलखातलं सुतक ऐकल्यावर डोक्यावरून अंघोळ केली की फिटतं, असं त्यांच्या तोंडून वदवून घेतलं. तेव्हा कुठं न्हावी घरात शिरला.

या सगळ्यात मार्थाचं वय चाललं होतं. आमच्यात तेवढ्या वयाच्या बाईला दोन-तीन लेकरं असायची. तिला करणार कोण? हिंदूत देता येत नव्हती, मुसलमानात बाप देत नव्हता आणि ख्रिस्ती घरं आजूबाजूला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ती काही लाजून बसणारी नव्हती. भिंतीपलीकडून मला सरळ म्हणायची, "मला बी माझी चूल पाहिजे गं. लई झालं हे दुसऱ्याच्या बैलाचे पाय धरणं." पुन्हा आवाज न करता हसायची. ते हसणं मला पुढं पुढं बघवेना.

आणि एक दिवस पीटर आला. सिकंदराबादच्या छावणीत वाढलेला, नुकताच मोमिनाबादेत छावणीच्या इस्पितळात कंपाउंडर म्हणून लागलेला. त्याचंही आडनाव जिरार. आईबाप लहानपणीच गेलेले. मोमिनाबादच्या कबरस्तानात आपलंच आडनाव कोरलेल्या कबरी त्यानं पाहिल्या, चौकशी केली आणि कुणीतरी सांगितलं की यांतला एक म्हातारा सिरसाळ्यात उरलाय. तसा तट्टू घेऊन आला. मऊ बोलणारा, मराठी मोडकंतोडकं, दिसायला नीटस. जिरारबाबांनी त्याला दारातच मिठी मारली. आयुष्यभर अखबारात शोधलेली भावकी अंगणात उभी राहिली होती. त्या दिवशी त्यांनी त्याला घरोघर नेऊन दाखवला. बाजारात हलवायाकडून पेढे घेतले. मामंजींपुढं उभा करून म्हणाले, "पाटील, हा आमचा जिरार." डोळ्यांतलं पाणी पुसलंसुद्धा नाही त्यांनी.

पीटर मग येतच राहिला. जिरारबाबांना तो चाचा म्हणायचा. बहाणा चाचांचा, ओढ मार्थाची. हे मला कळायला वेळ लागला नाही आणि मार्थानं ते लपवलंही नाही. तो आला की ती बैलाच्या खुरात हळद भरता भरता गाणं म्हणायची. म्हणाली, "याच्याकडं बघितलं की वाटतं, आपण बी कुणीतरी हाव." आईबाप नसलेलं पोर, आडनावामागं आलेलं, आणि आडनावापायीच ज्याच्या दारात आलं त्याच्या पोरीत जीव गुंतला. मला तर वाटलं, देवानंच जोड जुळवून पाठवलीय.

पाद्रीबाबा पुढच्या खेपेला आले तेव्हा पीटरनं त्यांच्याकडून विचारणा करवली. बैठक आमच्याच ओसरीवर झाली. मामंजी, जिरारबाबा, पाद्री आणि पीटर. मी आणि मार्था दाराआड. पाद्रीबाबांनी विषय काढला आणि जिरारबाबांचा चेहरा असा पडला की जणू कुणी मेल्याचं कळवलंय. म्हणाले, भावाबहिणीचं लग्न कसं लावता? पाद्री आधी हसला. मग त्यानं परोपरीनं समजावलं, की हे नाव तिकडं रस्त्यावरच्या दगडाएवढं आहे, या पोराचं आणि तुमचं काही नातं नाही, आमच्या धर्माची याला पूर्ण मुभा आहे. जिरारबाबा नाही नाही म्हणत मान हलवत होते. मग मामंजींकडं वळून म्हणाले, "पाटील, तुमी सांगा. तुमच्यात करतेत का असं?"

मामंजींना हे लग्न व्हावंसं वाटत होतं. हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. त्या प्लेगातल्या दिवसाचं ओझं त्यांच्या मनावर होतं आणि मार्था उजवली गेली तर ते थोडं उतरलं असतं. म्हणून त्यांनी वाट शोधली. म्हणाले, आडनाव एक असलं तरी देवक वेगळं असलं तर आमच्यात होतं. आणि मग त्यांनी विचारलं, "तुमचं देवक काय, साहेब?"

मार्थानं माझ्या कानात विचारलं, देवक म्हणजे काय गं? मी तिला सांगितलं, दर कुळाची एक खूण असते, कुणाचा पंचपल्लव, कुणाची तलवार, लग्नाच्या आधी तिची पूजा करतात. एक देवक म्हणजे एक रक्त, त्यांचं आपसांत होत नाही. देवक निराळं निघालं की वाट मोकळी. ती दाराच्या फटीला चिकटून उभी राहिली.

जिरारबाबांनी एकदा पाद्रीकडं पाहिलं, एकदा पीटरकडं. मग ताठ बसले आणि म्हणाले, "तोफेचा गज." पणजोबा तोफेवर होता, तोफेत दारू ठासायच्या गजाचं देवक असायला काय हरकत? मामंजींनी रोजचंच काही ऐकल्यासारखी मान डोलावली. मग पीटरकडं वळले, हातानं खूण केली, म्हणजे काहीही सांग बाबा, झाड सांग, पान सांग, पण सांग. आणि विचारलं, तुझं काय?

त्या पोराला काय कळणार? छावणीत वाढलेला, देवकाचं नाव पहिल्यांदा ऐकत होता. त्याला एवढंच दिसलं की चाचांना विचारलं, चाचांनी छाती काढून सांगितलं. होणाऱ्या सासऱ्याचं मन राखावं, म्हणून तो हसला आणि म्हणाला, "जे चाचांचं, तेच माझं."

झालं. मामंजींनी कपाळाला हात लावला. जिरारबाबांनी डोळे मिटले, आणि खरं सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर आनंदही होता. देवकसुद्धा एक निघालं होतं. आता तर भावकी पक्की. पाद्रीबाबा चिडून उठले, हा कसला अडाणीपणा, हे आपल्या धर्मात कुठं लिहिलंय म्हणाले. त्यावर जिरारबाबा शांतपणे बोलले. "तुमच्या धर्मात नसंल, बाबा. या गावात हाय. मला या गावात ऱ्हायचं हाय."

मार्था दारापासून दूर झाली, खाली बसली. रडली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "भाऊ मिळाला म्हणायचा मला." आणि त्या दिवशी हसली नाही.

पीटरला मागाहून कळलं, आपण काय करून बसलो ते. धावत आला. म्हणाला, मला माहीत नव्हतं, मी नुसतं तुमचा मान राखायला बोललो. जिरारबाबांनी त्याला जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि सांगितलं की एकदा पंचांपुढं सांगितलेलं देवक फिरवता येत नाही. मामंजींनीही जाऊन रदबदली केली, पोरगं परकं आहे, चुकून बोललं, सोडून द्या. तर उलट मामंजींनाच विचारलं, तुम्ही तुमच्या लेकीचं केलं असतं का? मामंजी तसेच परत आले. मला एवढा राग आला होता या सगळ्या मिशाळ मंडळींचा. एका पोरीच्या जन्माचा सवाल, आणि ही मंडळी गजाला धरून बसलीत.

मी मार्थाला सरळ म्हटलं, पाद्री तयार आहे, पीटर तयार आहे, तू तट्टावर बस आणि जा मोमिनाबादेला. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मीच अडाणी ठरले. म्हणाली, "आन् बाबा? मी असं करून गेले, तर त्यांना या गावात कोण उचलंल?" तिलाही तीच भीती. बापानं सोसलेली आणि तिनं गाडीमागं चालत पाहिलेली.

त्या दिवाळीत तर म्हाताऱ्यानं कहरच केला. आमचे सारे सण ते करायचेच. पीटरला भाऊबीजेला बोलावणं धाडलं. तो कशाला आला असेल? तिला बघायला मिळेल म्हणून आला. त्याला पाटावर बसवला, रांगोळी घातली, बाबांनी स्वतःच्या हातानं दिवा लावून ताट मार्थाच्या हाती दिलं. मी आणि सासूबाई तिथंच होतो. मार्था ताट घेऊन पीटरसमोर उभी राहिली. दोघं एकमेकांकडं बघत होते. दिव्यातलं तेल हिंदकळायला लागलं. मग ती वळली, ताट माझ्या हातात ठेवलं आणि आत निघून गेली. पाटावर बसलेल्या माणसाला तसंच उठवायचं नसतं. मी ओवाळलं. पीटरनं माझ्या ताटात ओवाळणी टाकली, खाली मान घालून. तो माझा भाऊ झाला, असं मी धरून चालले. जिरारबाबा म्हणाले, पोरीला बरं नसंल.

दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी मानमोडीची साथ आली. प्लेगात पळून जायला रान तरी होतं, यात रानही उरलं नाही. सकाळी माणसाची मान दुखायची, संध्याकाळी अंग तापायचं आणि तिसऱ्या दिवशी घरात रडायलाही कुणी उठत नसे. जोशीबुवा गेले. न्हावी गेला. आमच्या घरात मी आणि माझी धाकटी जाऊ तेवढ्या पायांवर, बाकी सगळी अंथरुणात. मार्था आमच्या घरी येऊन सगळ्यांना काढा पाजायची, गोठ्यातली गुरं सोडायची, पाणी भरायची. मी तिला म्हणायचे, जा गं बाई, घरी बस. ती म्हणायची, जनावरं तहानेनं हंबरतेत, ऐकवत न्हाई. गावातली निम्मी गुरं त्या दिवसांत तिनं जगवली असतील.

मग तीच पडली. जिरारबाबा मला बोलवायला आले. भिवा धनगराला त्यांनी आपलं तट्टू देऊन मोमिनाबादेला पिटाळलं. पीटरला निरोप काय, तर तुझ्या बहिणीला मानमोडी झालीय, दवा घेऊन ये. मी मार्थाजवळ बसले होते. ती तापात बडबडत नव्हती, चांगली शुद्धीवर होती. निरोप तिनं ऐकला. मला म्हणाली, "त्याला सांग, मी बोलावलं म्हणून." आणि डोळे मिटले. पुन्हा बोलली नाही. पहाटे गेली.

पीटर उजाडल्यावर आला, घामानं निथळत, बगलेत दवाईची पेटी. दारात मला बघितलं आणि त्याला कळलं. पेटी त्यानं ओट्यावर ठेवली, ती कुणी उघडली नाही. गावात उचलायला माणूस नव्हता. पण या खेपेला जिरारबाबा कुणाच्या दारात गेले नाहीत. चौघं जमले. जिरारबाबा, पीटर, भिवा, आणि आमचे हे, दोन दिवसांपूर्वीच ताप उतरला होता तरी गेले. मामंजी अंथरुणावरून उठून भिंतीला धरून अंगणात येऊन उभे राहिले. चौघांनी तिला उचललं आणि माळावर आईच्या शेजारी ठेवून आले.

परत आल्यावर मी भाकरी आणि पिठलं घेऊन गेले. मेल्या घरी पहिला घास बाहेरून येतो, तो कडू घास. मी दोघांपुढं वाढलं. पीटर ओट्याला टेकून उभाच होता. जिरारबाबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि त्याच्यापुढं धरला. म्हणाले, "खा बेटा. भावकीवाचून कुणी येत न्हाई. तू आलास. तिचा भाऊ आला."

पीटरनं तुकडा घेतला नाही. अगदी हळू बोलला, पण मला स्पष्ट ऐकू आलं. "चाचा, मी तिचा भाऊ म्हणून नाही आलो. एकदा पण नाही." मग त्यानं माझ्याकडं बघून मान लववली, तट्टाचा दोर सोडला आणि वर बसून निघून गेला. जिरारबाबांचा हात तसाच पुढं राहिला. मी तो तुकडा त्यांच्या हातातून काढून घेतला तेव्हा त्यांना कळलंही नसावं.

त्यानंतर ते घराबाहेर पडेनात. सुतक कसलं धरलं, कसलं फेडलं, काही कळायला मार्ग नव्हता. न्हावी मेलेला, जोशी मेलेला, विचारायचं कुणाला? अखबार आला तरी आमच्याकडं वाचायला आले नाहीत. मामंजींनी दोनदा बोलावणं धाडलं. साथ ओसरली, बाजार पुन्हा भरायला लागला, माणसं बैल घेऊन त्यांच्या ओट्यापुढं उभी राहायची आणि हाका मारून निघून जायची.

मग एका सकाळी ते तट्टावर बसून आमच्या अंगणात आले. खाली उतरले नाहीत. मामंजी ओसरीवर बसले होते, मी धान्य पाखडत होते. मामंजींनी विचारलं, कुठं निघालात, साहेब? मोमिनाबादेला म्हणाले. पीटरकडं का? तर मानेनंच हो म्हणाले. मग बराच वेळ लगामाशी चाळा करत बसले.

"पाटील," शेवटी म्हणाले, "आमच्यात देवक नसतं."

मामंजींना काही उमजेना.

"आमच्या बापाला नव्हतं, आज्याला नव्हतं. तुमी इचारलं. साऱ्या गावाला हाय, अन् मला न्हाई, हे मला म्हणवलं न्हाई. बसल्या जागी बनवलं मी ते." जरा थांबले. "पोरानं माझ्याकडं बघून सांगितलं. आता त्याला सांगून येतो."

तोवर मी मामंजींपुढं कधी तोंड उघडलं नव्हतं, डोईवरचा पदर ढळू दिला नव्हता. माझ्या हातातलं सूप खाली पडलं. मी मोठ्यानं म्हणाले, "कावून सांगितलं न्हाई, बाबा? ती दाराआड उभी होती. कावून सांगितलं न्हाई तवा?"

मामंजी मला रागे भरले नाहीत. जिरारबाबांनी माझ्याकडं पाहिलं आणि तट्टू वळवलं. वेशीपर्यंत ते मला दिसत होते. पीटरला ते भेटले का, त्यानं ऐकून घेतलं का, आम्हाला कधीच कळलं नाही. ते सिरसाळ्याला परत आले नाहीत. मी खाली बसून सांडलेली ज्वारी सुपात भरू लागले आणि मामंजी ओसरीवरून उतरून माझ्यासमोर बसले, आणि तेही भरू लागले.